मलिद्याचे ताट : बेने इस्रायल परंपरेतील फळविचार

कोकणच्या लोकपरंपरेतील फळांचा विचार बहुधा नारळापाशी सुरू होतो आणि नारळापाशीच थांबतो. नारळी पौर्णिमेला सागरास अर्पण होणारा नारळ, ओटीतील नारळ, गाऱ्हाण्यातील नारळ. हे स्वाभाविकच आहे. तथापि रायगडच्या याच किनाऱ्यावर मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायल समाजाच्या ‘मलिदा’ या विधीत फळांना जे स्थान आहे, त्याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही.

नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावे त्यांचा भूगोल सांगतात.

भिजवलेले पोहे, गूळ वा साखर, खवलेले ओले खोबरे, वेलदोडा व सुकामेवा यांचा मलिदा ताटात रचून त्याभोवती फळे मांडतात. ती बहुधा पाच प्रकारची असतात. मग एलियाहू हन्नाबीचे स्तवन होते. लग्नकार्य, नवस, घरभरणी अशा प्रसंगी हा विधी घरी होतो. शेवाट महिन्याच्या १५ व्या दिवशी मात्र ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ असतो. या पैगंबराच्या रथाच्या खुणा अलिबागनजीक खंडाळे-सागाव परिसरातील खडकावर उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे.

‘मलिदा’ आणि ‘उरूस’ हे शब्द मुसलमानी परिसरातून आलेले आहेत. पाच फळे तर हिंदू पूजेतही असतात. यावरून हा सारा विधी उसनवारीचा ठरविणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकास मात्र हा निष्कर्ष उथळ वाटतो. ताटातील फळे खाण्यापूर्वी जे हिब्रू आशीर्वाद म्हटले जातात, त्यांत झाडाच्या फळांसाठी एक आणि भूमीच्या उपजासाठी दुसरा, असा भेद आहे. खजूर व सफरचंद पहिल्यात मोडतात. केळ दरवर्षी नव्या कोंबाने उभी राहते, तिला टिकाऊ लाकडी खोड नाही. म्हणून केळे दुसऱ्या वर्गात जाते. हा भेद ज्यू धर्मशास्त्रातला आहे, शेजाऱ्याकडून घेतलेला नव्हे. शिवाय शेवाट १५ हा मिश्नामध्ये वृक्षांच्या नववर्षाचा दिवस म्हणून गणलेला आहे आणि अन्यत्रही ज्यू त्या दिवशी फळे खातात. तिकडे तेव्हा बदाम फुलतो, इकडे आंब्याला मोहोर असतो.

सफरचंदाची गोष्ट वेगळी. ते या किनाऱ्यावर पिकत नाही. नववर्षाला सफरचंद मधात बुडवून खाण्याची चाल मूळची युरोपीय ज्यूंची. बेने इस्रायलांच्या ‘नव्याच्या सणा’चे पक्वान्न म्हणजे गव्हाचा चीक व नारळाचे दूध यांचा हलवा. मांसाहारासोबत दुग्धजन्य पदार्थ निषिद्ध असल्याने नारळाच्या दुधाने येथे केवढी सोय केली, हे ध्यानात घ्यावे. (आदामाने खाल्लेले फळ सफरचंदच होते, हाही समज युरोपचाच, उत्पत्तीच्या पुस्तकात त्या फळाचे नाव नाही.) ‘सफरचंद’ हा शब्दही प्रवासी दिसतो. गुजरातीत तो ‘सफरजन’ आहे, आणि अरबीत ‘सफरजल’ म्हणजे बिहीचे फळ.

हा वाद निव्वळ वर्गातला नाही. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. तेथे १९६० नंतरच्या काही वर्षांत, विवाहसंबंधांच्या निमित्ताने, त्यांच्या ज्यू असण्यावरच धर्मपीठाकडून शंका घेतली गेली. १९६४ मध्ये आंदोलनानंतर शासनाने त्यांना पूर्ण मान्यता दिली. ‘उसनवारी’ हा शब्द अशा वेळी किती जड होतो, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. तो इंग्रजीत आहे. मराठीतील खरे धन स्त्रियांच्या हस्तलिखित गीतांच्या वह्यांत आहे. त्यांतील पुष्कळ आज इस्रायलमध्ये आहेत, आणि तेथील नातवंडांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. या वह्यांची नक्कल करताना फळांची व पक्वान्नांची नावे आहेत त्याच उच्चारात उतरवावीत, प्रमाण मराठीत सुधारून नव्हे.