रतीब

नेरूळ, नवी मुंबई
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. सोनू हिस,


काल संध्याकाळी आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं. घणसोलीहून नेरूळला यायला तुला जमलं नाही, पण तुझा फोटो आला. टेबलावर फसफसणाऱ्या गोळ्यांची नारिंगी नळी, शेजारी पाण्याचा ग्लास आणि खाली एक ओळ: "मामा, हजार मिलिग्रॅमची रोज एक घेते, आता सर्दी नाही ना होणार?" मोबाइलवर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण मग तू "ओके मामा" म्हणून पुढे गेली असतीस. म्हणून कागद घेतला. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा होतो. या गोळ्या मी स्वतःच्या हातानं विकल्या आहेत, तेव्हा हे विकणाऱ्याचं मत समज.

आधी गोळीची बाजू मांडतो, कारण घरात तिची बाजू घेणारं कुणी नाही. तुझी आई म्हणते, गोळीतलं ते केमिकल आणि फळातलं ते खरं. ताईला माझं नाव सांगून सांग, असं काही नसतं. क जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. ते कारखान्यात ग्लुकोजपासून तयार झालेलं असो की झाडावरच्या पेरूत, रेणू एकच. आतड्यातून रक्तात जाताना कुणी त्याचं गाव विचारत नाही. तेव्हा गोळी खोटी नाही. माझी तक्रार आहे ती मापाबद्दल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली ठरवलेलं माप बाईसाठी दिवसाला ६५ मिलिग्रॅम आहे आणि पुरुषासाठी ८०. तुझी एक गोळी हजाराची, म्हणजे पंधरा दिवसांचा शिधा एका ग्लासात. पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, शरीरात त्याचं कोठार फार लहान. थोडं दिलंस तर आतडी बहुतेक सगळं उचलतात. एकदम हजार ओतलेस तर जेमतेम निम्मं आत जातं, आणि त्यातलंही रक्ताला नको असलेलं मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर काढतात. याला दुधासारखा रतीब लावावा लागतो. रोज अर्धा लिटर आलं तर घर चालतं. महिन्याचं दूध एका सकाळी घेतलं तर उतू जाणार नाहीतर नासणार.

आता सर्दी. यावर अनेक देशांत चाचण्या झाल्या आणि त्या सगळ्या एकत्र तपासून निघालेला निष्कर्ष आमच्या धंद्याला न रुचणारा आहे. रोज गोळी घेणाऱ्या सर्वसाधारण माणसाला सर्दी तितक्याच वेळा होते. फक्त ती किंचित लवकर आवरते. मोठ्या माणसांत हा फरक साधारण ८ टक्के, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस. आणि नाक वाहायला लागल्यावर गोळी सुरू केली तर तेवढाही भरवसा नाही. तू ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर एसीखाली बसतेस, रात्री दोनला झोपतेस. सर्दीचं मूळ आधी तिकडे शोध.

मी हे शहाणपण काउंटरवर सांगत होतो का? नाही. करोनाच्या साथीत, २०२० च्या उन्हाळ्यात, गोळ्यांचा खोका उघडायचा अवकाश, दुपारपर्यंत रिकामा. त्याच मे महिन्यात आपलं वाशीचं एपीएमसी मार्केट काही दिवस बंद ठेवावं लागलं होतं. साऱ्या मुंबईची भाजी आणि फळं जिथून जातात ते मार्केट बंद, त्यामुळे माणसं आणखी धास्तावलेली. आमच्या दुकानासमोर एक मावशी लिंबं आणि कैऱ्या घेऊन बसायच्या. रांगेतली माणसं गोळ्या संपल्या म्हणून हळहळत निघायची आणि मावशींच्या टोपलीला वळसा घालून घरी जायची. मी ते बघत होतो आणि गप्प होतो. इतकंच काय, मी स्वतः त्या चघळायच्या गोळ्या लिमलेटसारख्या तोंडात टाकत होतो, दिवसाला चार-पाच. दोन दिवसांत पोट असं बिघडलं की दुकान मुलावर सोपवून घरी बसलो. जास्त मात्रेनं जुलाब होतात हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि अंगी असणं यांत केवढं अंतर असतं ते तेव्हा कळलं.

ताजं काही मिळालंच नाही तर काय होतं, त्याची एक जुनी गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत, मेसोपोटेमियातल्या कुत इथे ब्रिटिशांची हिंदी फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. त्यात आपल्या मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी नाही, फळ नाही. शिपायांना स्कर्व्हीनं गाठलं. या रोगात हिरड्या सुजून रक्त येतं, अंगात त्राण उरत नाही, जखमा भरत नाहीत. त्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी यावरच काम करत होते. त्यांनी दाखवून दिलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारा गुण जवळजवळ नसतो, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की तो गुण येतो. तो गुण म्हणजेच क जीवनसत्त्व. ते वेगळं काढून ओळखलं गेलं ते त्यानंतर, आणि त्या कामासाठी सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल मिळालं. तुझी आजी मात्र शास्त्राची वाट न पाहता दर दोन दिवसांनी मटकी फडक्यात बांधून ठेवत होती. घणसोलीच्या तुमच्या स्वयंपाकघरात एकच शेगडी आहे ना? मटकीला मोड आणायला तीही लागत नाही. मोड आले की त्यातली मूठभर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालून कच्चीच खा, उरलेल्याची उसळ कर.

कालच्या लग्नाचा ऊस, चिंच, आवळे अजून ताटात आहेत. त्या ताटात बघ, चिंच आणि आवळा दोन्ही आंबट. पण आवळ्यात १०० ग्रॅमला सुमारे २५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि चिंचेत नावापुरतं. चिंचेचा आंबटपणा टार्टरिक आम्लाचा. आणि ज्याला आंबट म्हणता येणार नाही त्या पेरूत १०० ग्रॅमला २०० च्या वर, म्हणजे संत्र्याच्या चौपट-पाचपट. तुझ्या गोळीच्या नळीवर मात्र संत्र्याचंच चित्र असतं! आपल्या बाजारातला सरदार पेरू, ज्याला लखनौ-४९ असंही म्हणतात, तो पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात निवडलेला वाण. स्टेशनबाहेरच्या गाडीवरून त्यातला मध्यम आकाराचा एक घेतलास की दिवसाचं माप भरून वर उरतं. फक्त आधीच कापून उघड्यावर ठेवलेल्या फोडी घेऊ नकोस. हवा आणि उष्णता लागली की हे जीवनसत्त्व घटत जातं. समोर कापून घे, तिखट-मीठ हवं तेवढं लाव.

फळ घेतलंस की नुसतं क मिळत नाही. पेरूबरोबर चोथा येतो, पोटॅशियम येतं, फोलेट येतं, आणि चारची भूक भागते, म्हणजे वडापाव टळतो. गोळीनं भूक भागत नाही. उलट फसफसण्यासाठी घातलेल्या सोड्याचं सोडियम तेवढं पोटात जातं.

आपल्या घरातली एक खोड मात्र मोडायला हवी. पोह्यांवर लिंबू पिळायचं आणि लगेच वर चहा. धान्या-भाज्यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून ते लिंबू शहाणपणाचं. पण चहातली टॅनिनं तेच लोह अडवतात. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं काढून घ्यायचं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, आणि गेल्या वर्षी तुझंही होतं. चहा तासाभरानं घे. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळ. कोबी चिरून धुऊ नकोस, धुऊन चीर, आणि थोडा पचडीला कच्चा ठेव.

मग गोळी कधी? डॉक्टरांनी तपासून लिहून दिली तर जरूर घे. ज्यांना चावता येत नाही, आजारपणात जेवण जात नाही, अशांसाठी ती देणगी आहे. पण ज्यांना मूतखडा होतो त्यांनी आपल्या मनानं मोठी मात्रा घेऊ नये, कारण जादा क जीवनसत्त्वाचं काही अंशी ऑक्झलेट होतं. थॅलेसेमियासारख्या आजारात अंगात लोह साचतं, त्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. तुझ्या वडिलांना दोनदा खडा झालाय, म्हणून त्यांना ती नळी प्रेमानं भेट देऊ नकोस.

रविवारी ये. मामी उरलेल्या आवळ्यांचं लोणचं घालणार आहे, थोडे तुला मीठ लावून बरणीत देईल. आणि गोळ्यांची नळी फेकू नकोस, घेऊन ये. तिच्या झाकणात ओल शोषणारी पूड असते. मामीची केशराची पुडी दर पावसाळ्यात सादळते, तिला तसली एक नळी कधीची हवी आहे.

तुझा,
मामा