दीक्षाभूमीला जाताना लेकरांची काळजी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, ती भूमी लेकरांनी पाहावीच. पण लोह्याहून नागपूरचा प्रवास लांबचा, आणि तिथे गर्दी मोठी. म्हणून निघण्याआधी तयारी करा.

चुकामूक : लेकराच्या खिशात नाव, गाव, मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हरवल्यास लगेच पोलिसांना सांगा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

खरचटले : जखम स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधा. रक्त वाहत असेल तर दहा मिनिटे न उघडता दाबून धरा. माती गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

भाजले : वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट लावू नका.

जुलाब : ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. लेकरू सुस्त पडले, लघवी होईना, तर १०८ ला फोन करा.

लेकरू बहुधा भूक, ऊन, थकवा यांनीच रडते. त्याला रागावू नका. रांगेत लागण्याआधी दशमी खाऊ घाला, डोक्याला रुमाल बांधा, हाती पंचशील ध्वज द्या. अभिवादनाचा दिवस त्याला आनंदाचा म्हणून आठवला पाहिजे.

जय भीम!