अवजाराची पारख

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या आठवडी बाजारात फेरफटका मारला, तर विळे, खुरपी, कुऱ्हाडी मांडून बसलेले विक्रेते दिसतात. त्यांच्याच शेजारी एखाद्या दुकानात अलीकडे एक लहानशी, चकचकीत वस्तू मांडलेली असते. मिटलेली असताना ती जेमतेम तळहाताएवढी भरते. पण उघडू लागले, की तिच्या पोटातून चाकू, कात्री, पेचकस, करवत, कानस, डबा फोडण्याचे पाते अशी एकामागून एक अवजारे बाहेर येतात. कोणाकोणाच्या अंगी पक्कडही असते. दुकानदार एकेक पाते उघडून दाखवतो आणि "बारा अवजारे एका खिशात!" असे म्हणतो. भोवती जमलेल्या मुलांचे डोळे विस्फारतात. परंतु ही वस्तू खरोखर कामाची आहे, की केवळ दिसण्यापुरती आहे, हे कसे ओळखावे?

पूर्वी हा प्रश्न शेतकऱ्याला फारसा पडत नसे. गावचा लोहार हा बलुतेदार होता. वर्षभर तो शेतकऱ्यांची अवजारे घडवून व शेवटून देई आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून आपल्या वाट्याचे धान्य नेई. त्याने विळ्याला नीट पाणी दिले नाही आणि ऐन काढणीत धार वळली, तर तो शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या भात्यापुढे येऊन उभा राही. घडवणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत होते. म्हणून घडवणाऱ्याला आपल्या कामाचा जाब द्यावा लागे. आज खिशातील अवजार कोठल्या गावी घडले, ते कोणी घडवले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. बिघडले तर जाब विचारायला कोणी समोर नसते. म्हणूनच जी पारख पूर्वी लोहाराच्या प्रामाणिकपणावर सोपवता येत होती, ती आता घेणाऱ्याने स्वतःच शिकून घेतली पाहिजे.

अनेक उपयोगी वस्तू जवळ बाळगण्याची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. जुन्या पिढीतील माणसाच्या कमरेला चंची असे. तिच्या निरनिराळ्या कप्प्यांत पाने, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता नीट बसत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. कोणाला घोड्याचा आकार, कोणाला पक्ष्याचा, कोणाला माणसाचा! पाहणारा त्यांच्या नक्षीवर लुब्ध होतो. परंतु कारागिराचे खरे कसब नक्षीत नव्हे, तर अडकित्त्याच्या एका टोकाला असलेल्या खिळ्यात असते. दोन्ही दांडे त्या एका खिळ्यावर फिरतात. सुपारी खिळ्याच्या जवळ ठेवली, की हाताच्या थोड्या जोराचे मोठ्या दाबात रूपांतर होते. तरफेचा नियम तो हाच. खिळा घट्ट व सरळ असेल, तर सुपारीचे दोन नीट तुकडे होतात. खिळा ढिला असेल, तर पाते बाजूला सरकते, सुपारी उडते आणि कधी कधी बोटही सापडते. मिटणाऱ्या प्रत्येक अवजाराचा प्राण त्याच्या सांध्यात असतो, ही पारखीतील पहिली गोष्ट अडकित्ता शिकवतो.

दुसरी गोष्ट शिकण्यासाठी दूरच्या देशाकडे वळावे लागते. स्वित्झर्लंडमधील इबाख या गावी कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ साली चाकू बनवण्याचा कारखाना काढला. त्या काळी स्विस सैनिकाला एक अडचण होती. १८८९ साली सैन्यात आलेली नवी बंदूक सुटी करण्यासाठी पेचकस लागे आणि डब्यातील अन्न खाण्यासाठी डबा फोडण्याचे साधन लागे. म्हणून सैनिकाच्या चाकूत चारच अवजारे असावीत असे ठरले: पाते, पेचकस, डबा फोडण्याचे साधन आणि भोक पाडण्याची आरी. एल्सनरने १८९१ साली असे चाकू सैन्याला पुरवण्यास आरंभ केला. पुढे जर्मनीतील कारखाने असाच चाकू कमी किमतीत देऊ लागले. एल्सनरचे सोबती कारागीर या कामातून बाजूला झाले. तो स्वतःही मोठ्या आर्थिक संकटात सापडला. पण त्याने काम सोडले नाही. त्याने चाकूच्या रचनेवर अधिक विचार केला आणि एकाच पोलादी कमानीच्या आधाराने मुठीच्या दोन्ही बाजूंची पाती बसवण्याची युक्ती शोधली. त्यामुळे चाकू जाड न होता त्यात अधिक अवजारे मावू लागली. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी नवा, हलका चाकू तयार केला. हाच चाकू पुढे जगभर प्रसिद्ध झाला.

अशीच गोष्ट अमेरिकेतील टिम लेदरमन या अभियंत्याची आहे. १९७५ साली तो पत्नीसह युरोपात प्रवास करीत होता. त्याची जुनी मोटार वारंवार बिघडे आणि उतरावे त्या ठिकाणचे नळही गळके असत. खिशात चाकू होता. पण नळ आवळायला चाकू काय कामाचा? त्याला पकडीची उणीव भासली. घरी परतल्यावर त्याने पक्कड हाच मुख्य भाग मानून घडीचे अवजार तयार करण्याचा ध्यास घेतला. अनेक वर्षे त्याची वस्तू विकत घेण्यास कोणी पुढे येईना. अखेर १९८३ साली ती बाजारात आली.

या दोन्ही गोष्टींत एक सूत्र आहे. दोघांनीही 'किती अवजारे बसवता येतील?' असा प्रश्न आधी विचारला नाही. 'कोणते काम अडले आहे?' हा प्रश्न आधी विचारला. घेणाऱ्यानेही तोच प्रश्न स्वतःला विचारावा. भूम किंवा कळंबकडच्या शेतकऱ्याचा दिवस पाहिला, तर लहान लहान कामे किती निघतात! शेळीच्या गळ्यातील गुंतलेली दोरी कापायची असते. सोयाबीनच्या पोत्याची शिवण उसवायची असते. ठिबकाच्या नळीचा तुकडा सरळ कापायचा असतो. फवारणीच्या पंपाचा सैल झालेला स्क्रू आवळायचा असतो. बाभळीचा काटा पायात मोडला, तर तो काढायला चिमटा हवा असतो. या कामांसाठी पाते, पक्कड, पेचकस आणि चिमटा एवढे पुरते. बाटलीचे बूच काढण्याचे मळसूत्र किंवा माशाचे खवले काढण्याचे पाते तेथे केवळ ओझे होते. प्रत्येक अनावश्यक पात्याने मूठ जाड होते, वजन वाढते आणि हवे ते पाते शोधताना नखे दुखतात. बारा अवजारांपैकी एकही नीट चालत नसेल, तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण त्या वस्तूला तंतोतंत लागू पडते.

गरज ठरली, की परीक्षा सुरू करावी. ती डोळ्यांनी नव्हे, हाताने करावी. प्रथम मिटलेले अवजार मुठीत घट्ट धरावे. तळहाताला एखादी कड रुतत असेल, तर दहा मिनिटांच्या कामानंतर तेथे फोड आल्याशिवाय राहणार नाही. मग त्याच्या पाठीवरून व पोटावरून सुती कापड हळूच फिरवावे. कापडाचा धागा अडकला, तर एखादे टोक बाहेर राहिले आहे असे समजावे. ते खिसाही फाडील आणि बोटही.

त्यानंतर सांधा पाहावा. पाते उघडून दोन बोटांत सपाट बाजूंनी धरावे आणि डावीकडे-उजवीकडे हलके हलवून पाहावे. नव्या अवजाराचे पाते डुगडुगत असेल, तर ते वापराने घट्ट होत नाही, उलट अधिकच ढिले होते. चांगले पाते उघडताना आरंभापासून शेवटपर्यंत सारखाच विरोध करते आणि शेवटी 'टक्' असा आवाज करून जागेवर बसते. काही चाकूंत उघडे पाते पक्के धरणारा खटका असतो. कित्येकांत तो नसतो, केवळ कमानीचा ताण असतो. खटका नसलेल्या चाकूचे टोक कशातही जोराने खुपसू नये. तसे केल्यास पाते उलटे मिटते आणि धार नेमकी बोटांवर येते.

पात्याच्या धातूची परीक्षा याहून कठीण असते, कारण सगळेच पोलाद दिसायला सारखे चकाकते. पोलादात कर्बाचे प्रमाण पुरेसे असेल, तर पाणी दिल्यावर ते कठीण होते आणि धार टिकते. पण पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून कारागीर ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतो. फार कठीण पात्याची धार तुटते, फार मऊ पात्याची धार वळते. या दोहोंमधील तोल साधणे हेच कसब. गंजरोधक पोलादात शंभर भागांत निदान १०.५ भाग क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होऊन गंजाला अटकाव करतो. घेणाऱ्याजवळ प्रयोगशाळा नसते. पण कागद असतो. कागदाचा तुकडा एका हाताने वर धरून पात्याने मुळापासून टोकापर्यंत कापावा. कागद न फाटता सरळ कापला गेला, तर धार एकसारखी आहे. एखाद्या जागी अडखळला, तर तेथे धारेत दोष आहे.

आता इतर भाग पाहावेत. पक्कड मिटून आकाशाकडे धरावी. तिची टोके एकमेकांवर नीट बसली पाहिजेत, नाही तर बारीक तार तिच्या पकडीत येणार नाही. पक्कड जोराने दाबली असता तिचे दांडे तळहाताचे कातडे चिमटणारे नसावेत. कात्रीने पातळ कापड मुळापासून टोकापर्यंत कापून पाहावे. हलक्या कात्रीच्या टोकाशी कापड कापले न जाता दुमडते. पेचकसाचे टोक काटकोनी व सपाट असावे. गोलसर टोक स्क्रूच्या खाचेतून निसटते आणि खाच खराब करून टाकते.

इतकी परीक्षा करून घेतलेल्या अवजारालाही मर्यादा असतातच. खिशातील करवतीने झाडाचा बुंधा कापू नये आणि चाकूच्या पात्याने डब्याचे घट्ट झाकण उचकटू नये. पाते कापण्यासाठी असते, उचकटण्यासाठी नसते. सर्वांत मोठी मर्यादा विजेची आहे. विहिरीवरील मोटर बंद पडली, की खिशातील अवजार काढून तिच्या पेटीला हात घालण्याचा मोह होतो. परंतु अशा अवजाराचा सांगाडा धातूचा असतो आणि धातूतून वीज सहज वाहते. वरून प्लॅस्टिकची मूठ असली, तरी आतले खिळे व पट्ट्या धातूच्याच असतात. म्हणून विजेच्या कामाला हे अवजार कधीही वापरू नये. ते काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे. आपले अवजार काय करू शकत नाही, हे ज्याला कळले, त्यालाच त्याची पूर्ण पारख झाली.

घेतल्यानंतर निगा राखणे हाही पारखीचाच भाग होय. ओल्या अवजाराला मिटून ठेवू नये. मातीचे कण सांध्यात शिरले, तर ते कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. बोथट पाते तीक्ष्ण पात्यापेक्षा अधिक घातक असते, कारण त्याला जोर जास्त लावावा लागतो आणि जोराने निसटलेले पाते कोठे जाईल, याचा नेम नसतो. कापताना धार नेहमी अंगापासून दूर जावी. दुसऱ्याच्या हाती चाकू देताना तो मिटून द्यावा. लहान मुलांनी तो वडीलधाऱ्या माणसांच्या देखरेखीखालीच वापरावा आणि शाळेत कधीही नेऊ नये.

बाजारातील त्या दुकानासमोर पुन्हा कोणी उभा राहील, तेव्हा दुकानदार अवजारांची संख्या मोजून दाखवील. पारखी माणूस मात्र संख्या मोजत बसणार नाही. तो आधी आपले काम आठवील, मग सांधा हलवून पाहील आणि कागदाचा एक तुकडा मागेल. दूर कोठे तरी ज्या कारागिराने तो खिळा सरळ बसवला असेल, त्याची खरी कदर अशाच माणसाच्या हातून होते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) बलुतेदारीच्या काळात अवजाराची पारख करण्याची गरज कमी का भासे?
(आ) अडकित्त्यातील खिळ्याला लेखात इतके महत्त्व का दिले आहे?
(इ) एल्सनर व लेदरमन यांच्या कामात कोणते समान सूत्र दिसते?
(ई) विजेच्या कामाला खिशातील अवजार का वापरू नये?

२. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' या म्हणीचा अर्थ सांगून ती लागू पडेल असा एक प्रसंग लिहा.

३. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत वापरा: जाब विचारणे, ध्यास घेणे, लुब्ध होणे, तोल साधणे.

४. आपल्या घरातील विळी, अडकित्ता किंवा कात्री यांपैकी एक वस्तू मोठ्या माणसांच्या सोबतीने तपासा आणि तिचे गुणदोष दहा ओळींत लिहा.