वाट पाहण्याचा अभ्यास

बोर्डाची परीक्षा आटोपली की शाळेत एकच प्रश्न ऐकू येतो, "निकाल कधी?" पेपर आपल्या हातून गेलेले असतात आणि मधले दिवस सरता सरत नाहीत. घरची मोठी माणसे सांगतात, "देवावर भरवसा ठेव." पण भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? याचे उत्तर आपण आपल्या इंदूरच्याच इतिहासात शोधू या.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारले गेले. अहिल्याबाईंनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. पुढे आयुष्यात काय आहे, हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हते. सासरे मल्हारराव मोहिमांवर असत. त्यांच्या पाठीमागे अहिल्याबाई हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची रसद, तोफखान्याची तजवीज हे सारे शिकत गेल्या. १७६६ साली मल्हारराव गेले, १७६७ साली पुत्र मालेरावही गेले. राज्याचा भार अहिल्याबाईंवर आला, तेव्हा १३ वर्षांचे ते शिक्षण कामी आले. पुढे १७९५ पर्यंत त्यांनी राज्य सांभाळले, तेही शंकराच्या नावाने.

ही दुःखे देवाने मुद्दाम धाडली, असे आम्ही म्हणणार नाही. कोणाच्याही दुःखात "झाले ते बऱ्यासाठीच" असे म्हणू नये. आम्हाला एवढेच दिसते की देवाची वेळ आधी कळत नाही, आजचे काम मात्र कळते. ते करीत राहणे हाच भरवसा. नवस बोलून लिहिलेली उत्तरे बदलत नाहीत, आणि गुण कमी पडले म्हणून देवाने साथ सोडली, असेही होत नाही.

पालकांना विनंती आहे की रोज निकालाचा विषय काढू नये आणि शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. मुलगा किंवा मुलगी गप्प गप्प असेल तर जवळ बसावे. चिंता फार वाढल्यास शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे.

विद्यार्थ्यांनी घरी करावयाचे:

१. निकालापर्यंत रोज सकाळी आजचे एक काम वहीत लिहा व संध्याकाळी ते झाले का, ते पाहा.
२. आजी-आजोबांना विचारा, "तुम्ही सर्वांत जास्त वाट कशाची पाहिलीत? त्या काळात काय केलेत?" उत्तर दहा ओळींत लिहून आणा.

निकाल लागेल त्या दिवशी गुणपत्रिकेबरोबर ती वहीही शाळेत आणा. आम्ही दोन्ही पाहू.