रोजच्या फेरीस डिझेल पिकअप घ्यावी काय?

जड डिझेल पिकअप घेऊ इच्छिणाऱ्या बागाइतदाराने आपली रोजची फेरी किती लांबीची, हे आधी मोजावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यामुळे बहुतेक नव्या डिझेल गाड्यांच्या धूरनळीत काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यास धूर बराच वेळ तप्त राहावा लागतो. मळ्यापर्यंतच्या दोन मैलांत इंजिनही पुरते तापत नाही, व गाळणी तुंबते. आमच्या एका सोयऱ्यांनी सूचनेचा दिवा महिनाभर तसाच राहू दिला; अखेर गाळणीच बदलावी लागली. खर्चाचा आकडा ते अद्याप घरात सांगत नाहीत! भारासाठी केलेले कमानपाटेही रिकाम्या गाडीत अंग खिळखिळे करितात. सबब परीक्षेची फेरी रिकाम्या गाडीनेच करावी. माल आठवड्यातून एकदाच जात असेल, तर तो भाड्याच्या गाडीने पाठवावा व रोजच्यासाठी लहान पेट्रोल गाडी ठेवावी, असे आमचे मत आहे.