पांढरं सगळंच भुरी नसतं

प्रश्न : नरसीत सगळं हळद-सोयाबीनवर. हौसेनं दारातल्या मांडवावर द्राक्षाची एक वेल चढवली आहे. पावसाळ्यात तिच्या पानांवर पांढरं काहीतरी आलं. विकतच्या द्राक्षांवरही पांढरट थर असतो. दोन्ही बुरशीच का?
– एक वाचक, नरसी नामदेव (जि. हिंगोली)

उत्तर : विकतच्या द्राक्षांवरचा थर मेणाचा असतो, तो सालीवर आपोआप येतो. बोटानं पुसा, खाली चकचकीत साल दिसेल. भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी, पुसली तर खाली तपकिरी, जाळीदार डाग उरतात आणि असे मणी पुढे तडकतात.

पान मात्र उलटून बघा. पांढरी लव फक्त खालच्या अंगाला आणि वर त्याच जागी पिवळसर तेलकट डाग असेल, तर तो केवडा, म्हणजे बागाईतदारांचा ‘डाऊनी’. पावसाळी हवा त्याला मानवते, म्हणून माझा संशय त्याच्यावरच आहे. (शास्त्राच्या काटेकोर हिशेबात तो बुरशीही नाही, शेवाळांचा भाऊबंद आहे!) पांढरी भुकटी पानाच्या वरच्या बाजूलाही दिसली तर भुरी. तिला पान ओलं लागत नाही. ढगाळ हवा आणि दाट, सावलीचा मांडव पुरतो. करपा तर पांढरा नसतोच. कोवळ्या फुटींवर काळपट ठिपके पडतात, पानाला बारीक भोकं पडतात. तुमच्या हळदीचा करपा निराळ्या बुरशीचा, तो वेलीवर जाणार नाही.

केवड्यावर बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर चोरट्यांना दूर ठेवायला मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली केवड्यातून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पाहिलं आणि १८८५ मध्ये हा उपाय जाहीर केला. १० लिटर पाण्याला दोन्ही १००-१०० ग्रॅम, कोवळ्या पानांना निम्मंच. प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडलाय, आणखी घाला.

विकत आणलेल्या घडातला मणी दाबताच साल सरकली, तर ती राखाडी बुरशी. ती फ्रीजच्या थंडीतही वाढते, म्हणून निर्यातीच्या पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद घालतात. देठाशी निळसर-हिरवं दिसलं तर पेनिसिलियम, काजळीसारखं काळं दिसलं तर अ‍ॅस्परजिलस. असे मणी काढून टाका आणि बाकीचा घड न धुता फ्रीजमध्ये ठेवा. धुवायचं ते खाताना.