सुरक्षा तपासणी सॉफ्टवेअरचा परवाना: नोंद आपल्या वहीत हवी

दुकानाचा गुमास्ता परवाना आपण काचेच्या चौकटीत बसवून गल्ल्याच्या वर टांगतो. वजन-मापाचा दाखला फाइलमध्ये असतो, जीएसटीचा क्रमांक तर पाठच असतो. पण संगणकातील सॉफ्टवेअरचा परवाना कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, कोणत्या तारखेला संपतो, हे विचारले तर आपले बहुतेक व्यापारी बांधव एकच उत्तर देतात, "तो मुलगा बघतो."

असाच एक मुलगा आमच्या छोट्या बिनव्याजी पतसंस्थेचे काम बघत असे. सभासद म्हणजे कापड बाजारातील फेरीवाले, शिंपी, बांगडीवाले आणि दोन-चार रंगारी. संस्थेत एक लिनक्सचे यंत्र आहे. त्यावर सुरक्षा तपासणीचे सॉफ्टवेअर होते आणि बाकीच्या संगणकांची तपासणी तेथूनच होई. २०२३ च्या रमजानमध्ये त्या यंत्राचा मदरबोर्ड गेला. वर्षाच्या नूतनीकरणाचे पैसे महिन्यापूर्वीच भरले होते. नवीन यंत्र आणले, संकेतांक टाकला, तर तो आधीच दुसऱ्या यंत्रावर नोंदलेला असल्याचा संदेश आला. तो मोकळा करून घ्यायला कंपनीच्या खात्यात शिरावे लागते. खाते त्या मुलाच्या खासगी ईमेलवर आणि बिलही त्याच्याच नावे. मुलगा बेइमान नव्हता. नोकरीसाठी आखातात गेला होता आणि तो जुना ईमेल त्यालाही उघडता येईना. कंपनीने विचारले, खरेदीदार आपणच याचा पुरावा काय? पुरावा नव्हता. परवाना दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागला. चूक संचालकांची, सभासदांच्या पैशातून तिची भरपाई कशी करणार? आम्ही पाच जणांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढली. त्या फटक्यानंतर मी हा विषय शिकायला बसलो.

प्रथम हे सॉफ्टवेअर काय करते ते पाहू. रात्री गस्त घालणारा गुरखा प्रत्येक दुकानाचे कुलूप ओढून पाहतो, तसेच याचे काम आहे. अँटीव्हायरस आत शिरलेल्या चोराला पकडतो, तर तपासणी सॉफ्टवेअर कोणती कडी सैल आहे ते आधी सांगते. त्यासाठी त्याच्याजवळ नियमांची यादी असते आणि नवीन दोष सापडतील तशी ती वाढत जाते. परवान्याचे पैसे मुख्यतः या ताज्या यादीचे असतात. मुदत संपली की काही सॉफ्टवेअर सरळ बंद पडतात. काही मात्र जुन्या यादीवर चालत राहतात आणि सर्व ठीक असल्याचा अहवाल देतात. हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि मे महिन्यात त्याच दोषातून वॉनाक्राय जगभर पसरला. ज्याची यादी फेब्रुवारीला थांबली होती, त्याला या दोषाची सूचना मिळणे शक्यच नव्हते. आपल्या राज्यात ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. लहान संस्थेजवळ एवढे नसते, पण शिंप्याचे दहा हजार त्याच्यासाठी लहान नसतात.

आता प्रत्यक्ष कृती. आमच्या संस्थेचे सॉफ्टवेअर दुसरे होते, पण उदाहरणासाठी नेसस घेतो, कारण ते फार प्रसिद्ध आहे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात. लिनक्सवर नेससची आज्ञा /ऑप्ट/नेसस/एसबिन या कप्प्यात असते. तिचे नाव नेससक्लाय (एन-ई-एस-एस-यू-एस-सी-एल-आय). तिच्यापूर्वी सुडो लिहावे, कारण हे मालकाच्या अधिकाराचे काम आहे.

"सुडो /ऑप्ट/नेसस/एसबिन/नेससक्लाय फेच --चेक" असे लिहिले की यंत्र नोंदलेले आहे किंवा नाही आणि त्याला ताजी यादी मिळू शकते किंवा नाही हे कळते. शेवटी --चेकच्या जागी --कोड-इन-यूज लिहिले की सध्याचा संकेतांक दिसतो. तो त्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावा. नवीन नोंदणीसाठी --रजिस्टर लिहून एक जागा सोडून संकेतांक लिहायचा. ताजी यादी लगेच आणायची असेल तर "नेससक्लाय अपडेट --ऑल".

माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. या आज्ञा मी प्रथम उर्दू लिपीत लिहून घेतल्या. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी, त्यामुळे त्या दोन आडव्या रेघा शब्दाच्या आधी की नंतर याचा घोटाळा झाला आणि यंत्र अर्धा तास मला नकारच देत राहिले. रेघा शब्दाच्या आधी, दोन, आणि मध्ये जागा नाही.

ज्या यंत्राला इंटरनेट दिलेले नाही, त्याचीही सोय आहे. तेथे "फेच --चॅलेंज" लिहिले की यंत्र एक लांब क्रमांक देते. तो आणि आपला संकेतांक दुसऱ्या संगणकावरून कंपनीच्या नोंदणी पानावर भरला की परवान्याची फाइल मिळते. ती पेनड्राइव्हवरून आणून --रजिस्टर-ऑफलाइनने चढवावी. हिशेबाचे यंत्र जगापासून तोडून ठेवणाऱ्यांनी ही रीत अवश्य शिकावी.

दोन बारीक गोष्टी मला फार उशिरा समजल्या. लिनक्स आपण टाइप केलेल्या आज्ञांचा इतिहास ठेवतो. संकेतांक आज्ञेसोबत टाइप केला तर तो त्या इतिहासात उघडा पडतो आणि पुढे त्याच खात्यावर बसणारा कोणीही बाणाची कळ दाबून वाचू शकतो. उबंटूमध्ये सामान्यतः आज्ञेच्या अगदी आधी एक जागा सोडली तर ती इतिहासात जात नाही. परवान्याची फाइलही "सीएचमोड ६००" करून ठेवावी, म्हणजे मालकाखेरीज इतर खात्यांना ती वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. जुन्या यंत्रातील नाण्याएवढा सेल संपला की यंत्र बंद-चालू झाल्यावर तारीख भलत्याच वर्षात जाते. मग परवाना वैध असूनही नोंदणी नाकारली जाऊ शकते, कारण कंपनीच्या संगणकाशी होणारी सुरक्षित जोडणी तारखेवर अवलंबून असते. म्हणून कोणाला फोन करण्यापूर्वी "डेट" ही चार अक्षरी आज्ञा लिहून तारीख पाहावी. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

तारखेवरून आणखी एक. परवाना इंग्रजी वर्षाने संपतो आणि आपला हंगाम चंद्रावर चालतो. ईदुल फित्र २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ ला ११ एप्रिलला आणि २०२५ ला ३१ मार्चला झाली. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे. आमचा पहिला परवाना २०१८ च्या एप्रिलात घेतला होता, तेव्हा तो महिना मोकळा होता. पाच वर्षांत नूतनीकरण ऐन रमजानच्या गर्दीत आले आणि कोणालाही मान वर करून पाहायला फुरसत राहिली नाही. ज्यांची मुदत फेब्रुवारीत संपते त्यांनी हा हिशेब आताच मांडावा. क्रॉनटॅबमध्ये तीस दिवस आधीची आठवण लावता येते, पण ती वाचणारा माणूस जागेवर हवा.

बाजारात "क्रॅक" नावाने फुकट चावी मिळते, तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. १९८८ साली कुवेत येथील पाचव्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतने संरक्षित असल्याचे व त्यांवर अतिक्रमण करणे जायज नसल्याचे ठरवले. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी प्रमाणे सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तरच न्यायालय कैद टाळू शकते, आणि आपला वापर तर धंद्याचाच. शिवाय कुलुपे तपासणारा गुरखाच चोराने पाठवलेला असेल तर काय करायचे?

खिशाला झेपत नसेल तर हलाल फुकटही आहे. नेसस १९९८ साली फ्रान्सच्या रेनो देरेझाँ या तरुणाने मुक्त सॉफ्टवेअर म्हणून दिले होते. २००५ मध्ये ते बंदिस्त झाले, तेव्हा जुन्या मुक्त प्रतीवरून ओपनव्हास निघाले. आज ते जर्मनीची ग्रीनबोन कंपनी सांभाळते आणि त्याची सामुदायिक आवृत्ती विनामूल्य आहे. व्हायरसच्या तपासणीसाठी क्लॅमॲव्ह आहे. त्याची यादी "फ्रेशक्लॅम" या आज्ञेने ताजी होते आणि त्याला कसलाही संकेतांक लागत नाही. मात्र फुकट असले तरी अटी असतात आणि त्या बदलू शकतात, म्हणून वर्षातून एकदा त्या वाचाव्यात.

आमच्या संस्थेत आता एक लाल वही आहे. त्यात सॉफ्टवेअरचे नाव, संकेतांक, खाते कोणत्या ईमेलवर आहे, बिलाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि यंत्राची ओळख लिहिलेली आहे. ईमेल संस्थेचा, त्याचा पासवर्ड दोन संचालकांजवळ बंद पाकिटात. बिल संस्थेच्या नावे नसेल तर खजिनदार पैसे देत नाही. यंत्र भंगारात देण्यापूर्वी कंपनीच्या खात्यातून संकेतांक मोकळा करून घ्यायचा, डिस्क पुसायची आणि त्या ओळीवर तारीख घालून काट मारायची. परवा एक जुना संगणक गेला तेव्हा काट मारायची राहिली होती. खजिनदारांनी भंगारवाल्याला हातगाडीसह दारात थांबवून ठेवले, आधी सही घेतली आणि मग यंत्र गाडीवर चढू दिले.